खोलवरचे सोने आणि वरच्या जमिनीचा हक्क

2025 साली सोन्याने आंतरराष्ट्रीय बाजारात औंसामागे 4,000 डॉलरांची आणि भारतात दहा ग्रॅममागे एक लाख रुपयांची मर्यादा ओलांडली. भाव असा चढला की, कालपर्यंत न परवडणारी माती आज उपसावीशी वाटू लागते, आणि जुन्या सुवर्णक्षेत्रांत नवे शोधक पुन्हा पाय ठेवतात. आजच्या शोधकाच्या हाती कुदळीबरोबर धातुशोधक यंत्र असते. या यंत्राला अधिकाधिक मोठी कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, जोडून अधिक खोलवरचे सोने हुडकण्याची धडपड ऑस्ट्रेलियात कित्येक वर्षे चालली आहे. नेहमीचे वेटोळे वीतभर रुंदीचे किंवा त्याहून थोडे मोठे असते. आता हातभर रुंदीची वेटोळी वापरात आहेतच. शिवाय मीटर-दोन मीटरच्या चौकटी दोघांनी उचलून किंवा गाडीमागे ओढून जमीन चाचपली जाते. यंत्रविद्येची ही चढाओढ मनोवेधक आहे, यात शंका नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न केवळ यंत्राचा नाही. खोलवरचे सोने वर आले तर ते कोणाच्या पदरात पडणार, हा तो प्रश्न होय.

निसर्गाचा कठोर हिशेब

प्रथम यंत्राची मर्यादा समजून घेतली पाहिजे. वेटोळ्यातून विजेचा झोत सोडून तो एकाएकी तोडला की, जमिनीतील धातूत भोवऱ्यासारखे क्षीण प्रवाह उत्पन्न होतात. ते विझता विझता जो प्रतिसाद देतात तो यंत्र ऐकते. आता वेटोळ्यापासून दूर गेल्यावर त्याचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत जाते, आणि धातूकडून परत येणारा प्रतिसादही तसाच क्षीण होतो. जाण्यायेण्याचा हा हिशेब एकत्र केला म्हणजे, खोली दुप्पट होताच प्रतिसाद चौसष्टाव्या हिश्शावर येतो. वेटोळे मोठे केल्याने दूरचे क्षेत्र वाढते हे खरे. पण त्याच विजेवर जवळचे क्षेत्र विरळ होते, आणि मोहरीएवढे कण यंत्राच्या कानांतून निसटतात. शिवाय मोठे वेटोळे अधिक माती 'ऐकते', आणि लोहयुक्त तांबड्या मातीचा गोंगाट सोन्याच्या आवाजाला गिळून टाकतो. तात्पर्य, मोठे वेटोळे म्हणजे मोठ्या पिंडावर लावलेली पैज होय. बारीक सोन्याची रोजची मिळकत सोडून क्वचित मिळणाऱ्या घबाडाची आशा धरणे, हा तो सौदा आहे.

घटत्या फलाचा सिद्धांत अर्थशास्त्राचे विद्यार्थी शेतीच्या उदाहरणाने शिकतात. येथे तो भौतिकशास्त्राच्या सूत्रातच लिहिलेला आहे. यंत्रावर दुप्पट पैसा ओतून वितीदोन वितींची अधिक खोली हाती लागते. पुरुषभर खोलीच्या पलीकडे तर सामान्य आकाराचा सुवर्णपिंड ओळखणे दुरापास्तच.

ज्या पिंडांच्या कथा ऐकून लोक यंत्रे घेतात, ते पिंड तरी कोठे होते? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात मोलियागुल येथे 1869 साली सत्तर किलोहून अधिक वजनाचा, जगातील सर्वांत मोठा गणला जाणारा सुवर्णपिंड सापडला तो पृष्ठभागाखाली अवघ्या काही सेंटिमीटरवर. त्याच प्रांतात किंगोवर गावाजवळ 1980 साली धातुशोधक यंत्राने सुमारे 27 किलोचा पिंड हुडकला. तो अमेरिकेतील एका कॅसिनोने दहा लाख डॉलरांहून अधिक किंमत देऊन घेतला. तोही जमिनीखाली फुटभरच होता. यंत्राची कीर्ती ज्या शोधांनी वाढली ते शोध खोलवरचे नव्हतेच.

खोली वाढते, मालक बदलतो

व्हिक्टोरियात खरोखरीचे खोल सोने आहे ते प्राचीन नद्यांच्या गाळात. ज्वालामुखींच्या लाव्हारसाने या नद्या गाडल्या. त्या पात्रांपर्यंत पोहोचण्यासाठी बॅलरॅट व क्रेसविकच्या परिसरात कठीण बेसॉल्ट फोडून खोल विहिरी खणाव्या लागल्या, आणि त्यातले पाणी उपसायला वाफेचे पंप बसवावे लागले. हे काम पाटी-फावडे घेऊन आलेल्या एकट्यादुकट्याचे नव्हते. त्यासाठी कंपनी स्थापन झाली, भागभांडवल उभे राहिले, आणि काल स्वतःच्या नशिबाचा मालक असलेला शोधक आज रोजंदारीवरचा खाणमजूर बनला. क्रेसविकजवळच्या न्यू ऑस्ट्रलेशियन खाणीत 1882 च्या डिसेंबरात पाणी शिरून 22 मजूर बुडून मेले, ते याच खोल सोन्यापायी. खोली वाढली की भांडवल लागते, आणि भांडवल आले की सोन्याचा मालक बदलतो, हा या इतिहासाचा धडा आहे.

म्हणूनच वरच्या मीटरभर मातीला एवढे महत्त्व. सामान्य माणसाचा वाटा काय तो तेवढाच. आणि तो त्याच्याकडे राहतो की नाही, हे वेटोळ्याच्या व्यासावर ठरत नाही, कायद्यावर ठरते. व्हिक्टोरियात हा हक्क फुकट मिळालेला नाही. 1851 साली सोने लागताच सरकारने शोधकांवर महिना तीस शिलिंगांचा परवानाकर बसविला. सोने मिळो वा न मिळो, कर चुकत नसे. या जुलमाविरुद्ध 3 डिसेंबर 1854 रोजी बॅलरॅट येथील युरेका मेढेकोटावर रक्त सांडले. वीसहून अधिक शोधक मारले गेले. त्यानंतर 1855 साली महिन्याच्या परवान्याच्या जागी वर्षाला एक पौंड शुल्काचा 'खाणकऱ्याचा हक्क' आला. तो आजही त्याच नावाने अस्तित्वात आहे. अल्प शुल्क भरून तो कोणालाही मिळतो. सरकारी मोकळ्या जमिनीवर, आणि मालकाच्या संमतीने खासगी जमिनीवर, हातहत्यारांनी शोध घेता येतो, खणलेला खड्डा बुजवावा लागतो, आणि सापडलेले सोने शोधणाऱ्याचे होते. यंत्र तेथे उपयोगी पडते, कारण त्याच्या आधी सव्वाशे वर्षे हक्क आलेला होता.

यंत्र आधी, कायदा नंतर

याच्या उलट चित्र सुदानचे. 2011 साली दक्षिण सुदान वेगळा झाला आणि एकत्रित देशाच्या तेल-उत्पादनापैकी सुमारे तीन चतुर्थांश त्याच्याबरोबर गेले. त्या सुमारास उत्तरेकडील वाळवंटात लक्षावधी माणसे सोन्याच्या मागे लागली होती, आणि धातुशोधक यंत्र हे त्यांचे पहिले भांडवल होते. वरवरचे पिंड वेचून झाल्यावर दगड दळून पाऱ्याने सोने वेगळे करण्याचा विषारी उद्योग आला. दारफूरमध्ये जेबेल आमेर येथे 2012 साली सोने लागले, आणि 2013 च्या आरंभीच त्या टेकड्यांसाठी दोन जमातींत झालेल्या लढाईने एक लाखाहून अधिक लोकांना गावे सोडावी लागली. 2017 साली त्या खाणींवर निमलष्करी दलाने ताबा मिळविला. 15 एप्रिल 2023 रोजी हे दल आणि देशाचे सैन्य यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या खर्चाला सोन्याचा आधार होता.

रिकार्डोने दीडशे वर्षांपूर्वीच नव्हे, दोनशे वर्षांपूर्वी सांगितले होते की, सुपीक जमिनीचा वरकड लाभ कसणाऱ्याकडे राहत नाही, तो मालकाकडे खंडरूपाने जातो. सोन्याच्या जमिनीचेही तसेच आहे. यंत्र सर्वांच्या हाती आले की, यंत्र चालविणाऱ्याला मजुरीपुरते उरते आणि बाकीचा लाभ जमीन ज्याच्या ताब्यात त्याला मिळतो. जेथे कायद्याने हा खंड शोधकासाठी सोडून दिला आहे तेथे तो शोधकाला मिळतो. जेथे बंदूक हाच कायदा तेथे बंदूकवाल्याला. कॉइल मोठी केल्याने वरकड वाढेल. त्याची वाटणी बदलणार नाही.

आपल्याकडील मोह

भारतात हा प्रश्न दूरचा नाही. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. सोने अजिबात संपले म्हणून नव्हे, तर ते काढण्याचा खर्च पेलेना म्हणून 2001 च्या फेब्रुवारीत ती बंद झाली. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील दौंडिया खेडा येथे 2013 साली एका साधूच्या स्वप्नाचा गाजावाजा झाला, उपकरणांनी जमिनीखाली काहीतरी वेगळे असल्याचे दर्शविले, आणि सरकारी पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले. सोने निघाले नाही. उपकरण फरक दाखविते. त्याला सोन्याचे नाव माणसाचा लोभ देतो.

महाराष्ट्रात तर गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अमानुष प्रकारांना आळा घालण्यासाठी 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात स्वतंत्र उल्लेख करावा लागला. वस्तुतः 1878 च्या गुप्तधनविषयक कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. आणि ठेवीचा धनी न ठरल्यास, वेगळा करार नसेल तर, शोधणाऱ्याला तिचा तीन चतुर्थांश हिस्सा देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. कळविले नाही तर हा वाटा जातो आणि शिक्षाही होते. किती जणांना हे ठाऊक आहे? मध्यरात्री खणणाऱ्याला मांत्रिकाचा दर ठाऊक असतो, आता यंत्राचाही कळेल. फक्त स्वतःचा हक्क तेवढा ठाऊक नसतो.

विज्ञानाने यंत्र दिले, ते उत्तम झाले. पण यंत्राची जाहिरात घराघरांत पोहोचते आणि कायद्याचे कलम कचेरीच्या कपाटात राहते, तोवर खोलवरच्या सोन्याचा लाभ प्रथम यंत्र विकणाऱ्याला, मग जमीन बळकावणाऱ्याला, आणि उरलासुरला शोधणाऱ्याला मिळणार. हा क्रम उलटवायचा असेल तर कॉइलच्या व्यासापेक्षा हक्काचे ज्ञान रुंदावले पाहिजे.