चाकाला चिकटणारे

‘ज्याच्यात दम हाय, तोच जिंकते.’ आमच्या नागभीडकडे सायकल शर्यतीचा विषय निघाला की दोन मिनिटांत हे वाक्य येतंच. ऐकायला झकास आहे. अडचण एवढीच की ते खरं नाही. निदान अनेक टप्प्यांच्या शर्यतीत, आणि त्यातही शेवटच्या दोन-तीन दिवसांत, अजिबात नाही. तरीही आपण ते वर्षानुवर्षं पोट्ट्यांच्या डोक्यात भरत आलोय आणि त्याची किंमत पोट्टेच मोजताहेत. म्हणून हा त्रागा.

ताजं उदाहरण घेऊ. २०२५ ची जिरो, म्हणजे इटलीतली तीन आठवड्यांची शर्यत. रोज एक टप्पा, रोजच्या वेळेची बेरीज, सगळ्यात कमी बेरीज ज्याची त्याच्या अंगावर गुलाबी जर्सी. ३१ मेला विसावा टप्पा होता. एकविसावा रोममध्ये, तो जवळजवळ मिरवणुकीचाच. म्हणजे जे काही व्हायचं ते विसाव्यालाच. त्या सकाळी मेक्सिकोचा एकवीस वर्षांचा इसाक देल तोरो पहिला होता, इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ ४३ सेकंद मागे, आणि इंग्लंडचा सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे नावाचा घाट. साडेअठरा किलोमीटर चढ, आणि त्यातला वरचा आठेक किलोमीटरचा रस्ता मातीखडीचा. डांबर नाहीच!

कारापाझने घाटाच्या पायथ्यालाच हल्ला केला. देल तोरो त्याच्या चाकाला चिकटला. येट्स मागून येऊन दोघांना मिळाला, आणि मग पुन्हा पुन्हा धडका मारत एकटा पुढे निघून गेला. आता मागे राहिले दोघं. देल तोरोने जोर लावून पाठलाग केला असता, तर कारापाझ त्याच्या आडोशाला आरामात बसून शेवटी त्यालाच मारून गेला असता. कारापाझने पाठलाग केला असता, तर देल तोरो फुकटात वर पोचला असता आणि गुलाबी जर्सी शाबूत राहिली असती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ‘तू ओढ.’ ‘नाही, तू ओढ.’ आणि येट्स गेला! दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. शर्यत त्याने ३ मिनिटं ५६ सेकंदांनी जिंकली.

गंमत म्हणजे हाच कारापाझ २०१९ ची जिरो अशीच जिंकला होता. तेव्हा रोग्लिच आणि निबाली एकमेकांवर नजर ठेवून बसले आणि कूर्मायरच्या टप्प्यावर हा पुढे निघून गेला. म्हणजे धडा त्याला माहीत होता, तरी सापडला. वेळ आली की भाऊबंदकी कोणाला सुटत नाही.

यावर आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली: ‘येट्सचं नशीब. आयतं मिळालं.’ इथेच माझं डोकं फिरतं. कारण त्या दिवशीची खरी चाल घाटात झालीच नव्हती, ती सकाळीच झाली होती. येट्सच्या संघाने वाउट फान आर्ट नावाचा धिप्पाड बेल्जियन गडी आधीच पुढे पळणाऱ्या टोळीत घालून ठेवला होता. त्याला टप्पा जिंकायचा नव्हता. त्याला फक्त घाटापलीकडे हजर राहायचं होतं.

का, ते सांगतो. सायकलवाल्याचा मोठा शत्रू हवा. सपाटीवर घोळक्यात पुढच्याच्या आडोशाला राहिलं की साधारण तिसरा हिस्सा ताकद वाचते. उभ्या चढावर मात्र वेगच इतका कमी असतो की आडोशाचा फायदा थोडाच. म्हणून चढावर एकटा पळू शकतो, पण उतार संपून खोऱ्यातला लांब रस्ता लागला की एकट्याचा जीव जातो. फिनेस्त्रे आणि शेवटचं गाव सेस्त्रिएरे यांच्यामध्ये नेमका तसाच रस्ता होता. तिथे फान आर्ट थांबला होता. येट्स आला, फान आर्टने त्याला आडोशाला घेतलं आणि जीव तोडून ओढलं. मागचे दोघं अजून हिशेबच करत होते. टप्पा संपला तेव्हा येट्स त्यांच्या पाच मिनिटांहून जास्त पुढे होता.

याला नशीब म्हणायचं? येट्सच्या पायांत दम होताच, त्याशिवाय तो घाट चढलाच नसता. पण २०१८ ला याच घाटावर हाच येट्स गुलाबी जर्सीत होता आणि कोलमडून एका दिवसात ३८ मिनिटांहून जास्त मागे पडला होता. त्या दिवशी क्रिस फ्रूम ऐंशी किलोमीटर आधी सुटला आणि सगळं घेऊन गेला. तिसऱ्या आठवड्यात कोणाचे पाय कधी दगा देतील याचा भरवसा नाही. म्हणून तर जोडीला डोकं लागतं, आणि साथीदार लागतो.

मी एकांगी बोलतोय असं वाटायला नको. एकट्याचा दमही शर्यत उलटवतो. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड ५० सेकंद मागे होता, साडेचोवीस किलोमीटरची घड्याळी शर्यत होती, आणि तो ८ सेकंदांनी टूर जिंकला. २०२० ला पोगाचारने रोग्लिचची ५७ सेकंदांची आघाडी शेवटून दुसऱ्या दिवशी पुसून टाकली. पण दोन्ही वेळा ती घड्याळाविरुद्धची एकेकट्याची शर्यत होती. तिथे चाक मिळतच नाही. आपण मात्र सगळ्या शर्यतींना तोच नियम लावतो.

असं का होतं, याचा मी विचार केला. विदर्भात सायकल म्हटलं की डोळ्यांसमोर येतात नागपूरचे डॉ. अमित समर्थ. २०१७ ला त्यांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ एकट्याने पूर्ण केली आणि २०१८ ला मॉस्को ते व्लादिव्होस्तोक ही पंधरा टप्प्यांची, सुमारे ९१०० किलोमीटरची शर्यत. माणूस नमस्कार करण्यासारखाच आहे. पण त्यातून आपण धडा काय घेतला? ‘दम पाहिजे.’ एवढाच! तो सहनशक्तीचा खेळ झाला. घोळक्यातली शर्यत हा वेगळा खेळ आहे, हे कोणी सांगतच नाही.

परिणाम काय होतो ते आमच्याच भागातल्या एका शर्यतीत बघितलं. एक पोरगा साधी घरची सायकल घेऊन आला होता. गिअरच्या महागड्या सायकलवाल्याच्या मागे तो सगळं अंतर चिकटून राहिला आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये बाजूने काढून पहिला आला. अप्रतिम! तर माइकवरचे गृहस्थ म्हणतात कसे, ‘मागे लपून जिंकला, खरा मर्द तर दुसरा आलेला.’ टाळ्याही दुसऱ्यालाच. पुढच्या शर्यतीत तोच पोरगा पहिल्या फटक्यालाच सुसाट सुटला आणि अर्ध्या वाटेत खलास झाला. शिकवलेलं तो शिकला ना!

यावर एक आक्षेप नेहमी येतो. ‘पोरांकडे धड सायकली नाहीत, आणि तुम्ही डावपेच कसले शिकवता?’ आक्षेप प्रामाणिक आहे, पण उलटा आहे. कार्बनची सायकल लाखांत जाते. पुढच्याचं चाक फुकट आहे. वारा कुठून येतोय ते बघणं फुकट आहे, कोण थकलाय ते ओळखणं फुकट आहे. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला आधी शिकवायची गोष्ट तर हीच. आणि आमच्या पोरांना घोळक्याने चालवणं नवीन थोडंच आहे? ब्रह्मपुरी, सिंदेवाही, तळोधीकडच्या जंगलरस्त्यांवर पहाटे वाघाच्या धाकाने कोणी एकटा निघतच नाही.

दुसरी अडचण मात्र खरी आहे आणि ती पोरांच्या हातात नाही. आपल्याकडे फान आर्ट तयार होणार कसा? युरोपातल्या व्यावसायिक संघांत त्याला पगार असतो, आणि बक्षिसाचे पैसे साथीदारांत आणि संघाच्या कर्मचाऱ्यांत वाटून घ्यायची जुनी रीत आहे. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, चांगलीच गोष्ट आहे, पण त्याला लागतं पदक, क्रमांक. धानाच्या दोन एकरांवर घर चालणाऱ्या पोराला तुम्ही म्हणणार, मित्रासाठी वारा अंगावर घे आणि चाळिसावा ये? तो का येईल? त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.

कबड्डीत बघा. चढाई करणारा टाळ्या घेतो, पण कोपरा सांभाळणाऱ्याला, साखळी धरणाऱ्यालाही तेच पदक, तेच प्रमाणपत्र. हाच न्याय सायकलला का नको? ऑलिंपिकमध्येही रोड रेसचं सुवर्ण एकालाच मिळतं, हे मला माहीत आहे. पण तिकडच्या साथीदाराचं पोट वर्षभर संघ भरतो. आपल्याकडे ते कोण भरणार?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. एक छोटी नांदी आणि चार टप्पे, एकूण ४३७ किलोमीटर, आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दर्जाची. आता अशा शर्यती आपल्या राज्यात येणार आणि आपण पुन्हा एकच प्रश्न विचारणार, ‘आपला कितवा आला?’ त्याऐवजी विचारा, आपल्या संघाने कोणासाठी काम केलं? तिसऱ्या दिवशी पळालेल्या टोळीत आपला कोणी होता का? नसेल तर का नव्हता?

आणि तोवर तालुक्यात एवढं तरी करता येईल. शर्यत एका दिवसाची न ठेवता दोन दिवसांची ठेवा आणि वेळांची बेरीज करा. संघाचं वेगळं बक्षीस ठेवा, टूरमध्ये करतात तसं प्रत्येक टप्प्याला संघाच्या पहिल्या तिघांची वेळ मिळवून. विजेत्याच्या सगळ्या साथीदारांना त्याच्याइतकंच प्रमाणपत्र द्या. खर्च किती? चार कागद जास्त छापावे लागतील.

आणि हो, माइकवाल्या गृहस्थांना कृपा करून जरा गप्प बसवा.