घरचीं यंत्रें : धुराची वाट

सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्यानें निघालें, कीं औद्योगिक वसाहत मागें पडून थोड्याच वेळांत कुंभारी लागतें. विडी-कामगार स्त्रियांसाठीं उभारलेल्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीमुळें या गांवाचें नांव दूरवर पोंचलें आहे. आमचें तिकडे जाणें होतें तें मात्र आमची अक्का तेथें राहते म्हणून. गेल्या वैशाखांत गेलों, तेव्हां पाण्याचा तांब्या पुढें करतां करतांच ती म्हणाली, "याच्या गाडींतून अक्कलकोटास जाऊन आलें, कीं दिवसभर कपाळ ठणकतें बघ. ऊन्ह बाधत असेल." भाच्यालाहि तें ऊन्हच वाटत होतें. मला तें पटेना. भाऊजींच्या हयातींत याच गाडींतून, याच उन्हांत, ती कित्येक गुरुवारीं स्वामींच्या दर्शनास गेली होती. तेव्हां कपाळ दुखल्याचें ऐकिवांत नव्हतें.

गाडी म्हणजे भाऊजींनीं 1975 सालीं घेतलेली प्रीमिअर पद्मिनी. आराखडा मूळचा इटलीच्या फिआटचा. पण ज्या कंपनीनें ती कुर्ल्यास बांधली, ती 1944 सालीं काढली वालचंद हिराचंद यांनीं, आणि वालचंदशेट यांचा जन्म 1882 सालीं सोलापुरांतच झालेला. त्यामुळें भाऊजी ही गाडी 'आपल्या गांवची' म्हणत, त्यांत थोडें तरी तथ्य होतें. मुंबईंतून शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली, तेव्हां ती वार्ता वाचून अक्कानें डोळे पुसले होते.

गाडीचें मूळचें 1089 घन सेंटिमीटरचें इंजिन थकलें होतें. तें दुरुस्त न करतां भाच्यानें त्याच कंपनीच्या 118 एन.ई. गाडीचें, निस्सान धर्तीचें, 1171 घन सेंटिमीटरचें इंजिन गिअरपेटीसह मिळविलें आणि घरच्या पडवींत बसविलें. त्याच्या हातांत कसब आहे, हें मान्य केलें पाहिजे. पण एवढ्यावर त्याचें समाधान होईना. धूर बाहेर नेणारा ओतीव बिडाचा मॅनिफोल्ड काढून त्या जागीं त्यानें बाजारांतून तयार 'हेडर' आणून चढविला.

हेडर म्हणजे काय, हें वाचकांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. बिडाच्या मॅनिफोल्डांत चारहि सिलिंडरांचा धूर एका आंखूड बोळांत एकदम येऊन आदळतो. एकाचा धूर निघूं पाहतो तोंच दुसऱ्याचा दाब त्याच्या वाटेवर येतो. हेडरांत प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र व लांब नळी असते. या इंजिनांत ठिणगीचा क्रम 1-3-4-2 असा असतो. म्हणून 1 व 4 यांच्या नळ्या एकत्र आणि 2 व 3 यांच्या एकत्र करून पुढें त्या दोहोंची एक करतात. असें केलें म्हणजे एका जोडींतील दोघे लागोपाठ धूर सोडीत नाहींत. नळींतून वेगानें गेलेल्या धुराच्या मागें जी पोकळी होते, ती सिलिंडरांतील उरलासुरला धूर ओढून घेते व ताज्या हवेस जागा होते. तत्त्व उत्तम आहे. परंतु त्याचा लाभ मुख्यतः इंजिन भरधांव फिरत असतां मिळतो. अक्काला घेऊन सावकाश अक्कलकोटास जाणाऱ्या गाडीस तो कितीसा मिळणार? भाच्यास मीं हें विचारलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, "मामा, आवाज तर ऐका!" म्हणजे खरें कारण आवाज होतें.

आतां कपाळदुखीकडे वळतों. गाडी थंड असतांना इंजिन सुरू करविलें आणि मागच्या नळीच्या तोंडाशीं घडी केलेलें जाडें फडकें क्षणभर धरविलें. पुढून स्पष्ट फुसफुस ऐकूं आली. हेडरची पट्टी, जिला कारागीर फ्लँज म्हणतात, ती इंजिनास जेथें टेकते तेथें चौथ्या नळीपाशीं काजळीचा काळा पंखा उमटलेला होता. साबणाचें पाणी लावतांच तेथें बुडबुडे आले. शिवाय नव्या गिअरच्या दांडीसाठीं गाडीच्या तळाचा पत्रा कापला होता आणि त्यावरचें रबर धड बसलेलें नव्हतें. धूर पुढें सुटत होता, गाडीखालून मागें येत होता आणि त्या भोंकांतून आंत शिरत होता.

त्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट धरून बसतो. प्रथम डोकें दुखतें, मग मळमळ, मग झोंप. आणि त्या झोंपेंतून पुष्कळांना जाग येत नाहीं. बंद पडवींत इंजिन चालू ठेवून काम करण्याची भाच्याची संवय याच कारणास्तव त्याच दिवशीं मोडविली.

फट कां पडली? तीन कारणें सांपडलीं. फ्लँज पातळ होती आणि तिला नळ्या जोडतांना वेल्डिंगच्या तापानें ती धनुष्यासारखी वांकली होती. पॅकिंग कितीहि जाड घातलें तरी कडेची फट भरेना. बोल्ट त्यानें एका टोंकाकडून आवळीत नेले होते. तिसरें कारण सर्वांत वाईट. हेडर या गाडीसाठीं बनलेला नव्हता. इंजिन आपल्या नव्या जागीं बसल्यावर एक नळी पुढच्या आडव्या तुळईस टेकली, तेव्हां भाच्यानें ती तापवून हातोड्यानें चेपली. नळी चेपली म्हणजे ज्यासाठीं हेडर आणला तो हेतूच चेपला! शिवाय इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलें असतें व गिअर टाकतांना झुलतें. चेपलेली नळी तरीहि तुळईस लागे आणि प्रत्येक हिसका फ्लँजवर येई.

अक्कलकोट रस्त्यावरील एका कारखान्यांत दोन दिवस मोडले. चेपका भाग कापला. उरलेला हेडर गाडींतच बसवून नव्या तुकड्यास केवळ टाके मारले, तुळईपासून बोटभर अंतर राहील असें पाहिलें आणि मग तो उतरवून एका निकामी हेडास घट्ट आवळून पुरें वेल्डिंग केलें. अशानें फ्लँज पुन्हां वांकत नाहीं. नंतर ती सपाट घासून घेतली. नवें पॅकिंग घालून बोल्ट मधून कडांकडे, तीन फेऱ्यांत थोडथोडे आवळले. या इंजिनांत कार्ब्युरेटर धुराच्याच बाजूस, अगदीं वर असतो. सोलापुरचा पारा वैशाखांत चाळिशीपलीकडे जातो, म्हणून मध्यें पत्र्याची ढाल घातली, नाहीं तर पेट्रोल वाटेंतच उकळून गाडी उभी राहावयाची. नळ्यांवर गुंडाळलेली काचधाग्याची पट्टी मात्र मीं काढविली. ती पावसाळ्यांत ओल धरते आणि साधें पोलाद आंतून गंजवते. तळाच्या भोंकावर नवें रबर चढविलें.

रात्रीं जेवतांना मीं कायद्याची गोष्ट काढली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानें नोंदणीपत्राशीं न जुळणारा फेरफार मना आहे व 2019 सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि तें ठांसून सांगितलें. इंजिन बदललें तर त्याची नोंद परिवहन कार्यालयांत झाली पाहिजे. भाच्यानें ती केलेली नव्हती. दुसरें असें, कीं 2021 सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील गाडीस 'व्हीए' अक्षरांची वारसा-नोंदणी मिळूं शकते. पण इंजिनांत मोठा फेरफार केलेला असेल तर नाहीं. भाऊजींची गाडी नेमकी त्या वयाची झालेली. भाचा हें ऐकून गप्प झाला. अक्कानें विचारलें, "यांचें जुनें इंजिन कुठें आहे रे?"

तें गोठ्यांत, गोणपाटाखालीं होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघांनीं त्याच्या सिलिंडरांत तेल सोडलें, तोंडें लांकडी गुट्ट्यांनीं बंद केलीं आणि तें फळीवर चढवून ठेविलें. मग गाडी वळसंगापर्यंत नेऊन परत आणली, पूर्ण थंड होऊं दिली व हेडरचे बोल्ट पुन्हां आवळले. तिघे चौथाई फेरा फिरले. पुढच्या गुरुवारीं अक्का अक्कलकोटास जाऊन आली. सायंकाळीं तिचा फोन आला. कपाळाबद्दल एक अक्षरहि न काढतां ती आवाजाबद्दलच बोलत राहिली. गाडी फार गुरगुरते, शेजारचें मूल दचकून उठतें, तेव्हां तो जुना बिडाचा मॅनिफोल्ड परत बसवितां येईल का, असें तिनें विचारलें. येईल, असें मीं सांगितलें. भाच्याला अजून सांगितलेलें नाहीं.