तळगळ घय, गड बल!



संक्रांत पंधरा दिवसांवर आली. तीळ निवडून झाले असतील, हळदीकुंकवाला यंदा काय लुटायचं याचा खलही सुरू झाला असेल. या धांदलीत आणखी एक काम सुचवते. घरातल्या चार ते सात वर्षांच्या मुलांकडून तिळगुळाची भेटकार्डं करून घ्या. तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना कार्डं कशाला? पण मी सांगतेय ते कार्डासाठी नव्हेच. मुलाच्या हाताला लिहिण्याची गोडी लागावी म्हणून.

आधी माझी फजिती ऐका. मी सकाळी तीन तास बालवाडीत शिकवते. दुसऱ्यांच्या मुलांना कसं शिकवावं, हे त्यांच्या आयांना अगदी ठासून सांगते. गेल्या संक्रांतीला आमच्या धाकट्यानं, वय वर्षं पाच, गावी आजीला पाठवायला कार्ड केलं. वर लाल पतंग आणि खाली पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘तळगळ घय गड बल’. मी म्हटलं, ‘‘अरे, हे काय लिहिलंस? आजी हसेल ना!’’ खोडरबर घेतलं, सगळं पुसलं आणि माझ्या वळणदार अक्षरात नीट लिहून दिलं. कार्ड गेलं.

आठ दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. ‘‘कार्ड पोचलं गं. छान आहे. पण अक्षर तुझं दिसतंय. माझ्या नातवानं काय लिहिलंय?’’ मी काही बोलायच्या आत धाकटा म्हणाला, ‘‘आजी, मला लिहिता येत नाही.’’

माझ्या काळजात चर्र झालं. त्यानंतर कितीतरी दिवस पेन्सिल पुढं केली की तो म्हणे, ‘‘तूच लिही.’’

मग शांतपणे विचार केला. त्यानं काय लिहिलं होतं बघा. त, ळ, ग, ळ. चारही अक्षरं, तीही ओळीनं! ‘घ्या’मधला घ आणि य दोन्ही त्याला ऐकू आले होते. राहिलं होतं ते काना, मात्रा, वेलांटी. आपल्या लिपीत बहुतेक मुलांचं असंच होतं. मूळ अक्षर आधी हाताशी येतं, काना-मात्रा मागाहून, आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. ती चूक नव्हती, शिडीची एक पायरी होती. मी त्याची पायरीच खोडून टाकली!

म्हणून यंदा असं करा.

सामान विकत आणू नका. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात. त्यांची कोरी बाजू वर घ्या. घडी मुलालाच घालू द्या, वाकडी झाली तरी चालेल. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात कालवून मंद आंचेवर शिजवला की झाली खळ. पतंगाचा कागद, वाळलेली पानं, रंगीत खडू पुरे झाले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांची बालवाडी चालवली, ती पानं, बिया, शंखशिंपले अशा आसपासच्या वस्तूंवरच. आपल्याला तर पत्रिकांचा गठ्ठाच आयता मिळालाय.

लिहिण्याआधी गप्पा मारा. कार्ड कुणाला? तिला काय सांगायचंय? ‘तिळगूळ घ्या’च हवं असं नाही. ‘आमच्या मांजरीला पिल्लं झाली’ हेसुद्धा चालेल. सांगण्यासारखं काही असलं की लिहावंसं वाटतं.

मूल तीन-चार वर्षांचं असेल तर त्यानं सांगावं, तुम्ही त्याच्याच शब्दांत त्याच्यासमोर लिहावं आणि बोट फिरवत वाचून दाखवावं. बोललेलं कागदावर उतरतं, हे त्याला तिथं कळतं. खाली सही मात्र त्याची, मग ती नावाचं पहिलं अक्षर असो की नुसत्या रेघोट्या.

पाच वर्षांच्या मुलानं ‘कसं लिहू?’ विचारलं तर लगेच सांगू नका. शब्द सावकाश म्हणायला लावा आणि विचारा, ‘तुला काय ऐकू येतंय?’ जे ऐकू येईल ते लिहू द्या. खोडरबर त्या वेळी कपाटात ठेवा! वाचणाऱ्याला कळणार नाही अशी धास्ती वाटली तर कार्डाच्या मागं बारीक अक्षरात तुम्ही लिहा. सहा-सात वर्षांचं मूल वेलांटी कुठली ते स्वतःच विचारेल. तेव्हा शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहून द्या, तो बघून त्याचं ते उतरवील.

पत्ता तुम्ही घाला, तिकीट त्याला चिकटवू द्या, पेटीत त्यालाच टाकू द्या. शेजारच्या काकूंसाठी असेल तर नेऊन देऊ द्या. आणि एक गुपचूप करा. ज्यांना कार्ड जाणार त्यांना सांगून ठेवा, मोठ्या अक्षरात दोन ओळींचं उत्तर पाठवा म्हणून. लिहिणं इथं आणि वाचणं तिथं, असं ते जोडलं जातं.

हे मला सासूबाईंनी शिकवलं. त्या फोननंतर पंधरा दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं, थेट धाकट्याच्या नावानं. त्यांचा हात आता थरथरतो. ‘बाळा, मला तुझं अक्षर हवं आहे. आजी.’ एवढंच. धाकटा माझ्या मांडीवर बसून एकेक अक्षर लावत होता. मध्येच थांबला नि म्हणाला, ‘‘आई, आजीचं अक्षर पण माझ्यासारखंच वाकडंय!’’

आणि उठून कागद घेऊन आला. ‘अज म पतग उडवल’ असं लिहिलं. मी हात मागं बांधून उभी राहिले. तसंच्या तसं पाठवलं.

ते कार्ड सासूबाईंनी देवघरात ठेवलंय. आता दीड-दोन महिन्यांपूर्वी, दिवाळीत, धाकट्यानं ते पाहिलं आणि मला म्हणाला, ‘‘आई, यात काने राहिलेत बघ!’’

कुणी न सांगता त्याला ते दिसलं. आणखी काय हवं?