हिवाळी टायर आणि निशातगंजचे धुके

डिसेंबरच्या मध्यापासून गोमतीकाठचे निशातगंज सकाळी धुक्यात बुडालेले असते. उड्डाणपुलाच्या पायथ्याशी उभे राहिले तर पुलाचा माथाही दिसत नाही. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेल्या आमच्यासारख्यांना ही थंडी नवलाचीच! पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पुण्याचे नातलग दूरध्वनीवरून स्वेटर-मफलरची चौकशी करतात. जर्मनीत स्थायिक झालेल्या माझ्या आतेभावाने मात्र निराळीच चौकशी केली : "गाडीला हिवाळी टायर बसवलेस का?"

प्रश्न ऐकून मला हसू आले. परंतु त्याच्या देशात हा हसण्याचा विषय नाही. रस्त्यावर बर्फ वा हिम असेल तर हिवाळी टायरांवाचून मोटार चालवण्यास तेथे २०१० पासून स्पष्ट कायदेशीर मनाई आहे. त्या टायरचे रबर सात अंशांखालच्या थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. तेथील अनेक कुटुंबे चाकांचे दोन संच बाळगतात. विशेष म्हणजे हिवाळ्यासाठी बरेच जण साधी पोलादी, आकाराने लहान चाके निवडतात. कारण बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ अलॉयची झिलई खराब करते. शोभेची चाके उन्हाळ्यासाठी, पकडीची हिवाळ्यासाठी, असा हा सरळ हिशेब आहे.

मग लखनौला असे टायर हवेत का? माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. येथे हिम पडत नाही. पहाटे सहा अंश असले तरी ऊन पडलेल्या दुपारी वीस होतात आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. असे मऊ रबर त्या तापलेल्या डांबरावर भराभर झिजून जाईल. परंतु हिवाळी टायर नकोत याचा अर्थ हिवाळ्यात टायरांचा विचारच नको, असा मात्र नव्हे. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

माझ्या लहान मोटारीला कारखान्यातून पोलादी चाके आली होती. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत एका दुकानातून मी वापरलेली अलॉय चाके टायरांसकट घेतली. टायरांच्या खाचा खोल होत्या, किंमत माफक होती आणि गाडी एकदम देखणी दिसू लागली. जानेवारीतील एका सकाळी उड्डाणपूल उतरताना धुक्यातून अचानक एक सायकलरिक्षा समोर आली; तीत शाळेची मुले होती. दवाने रस्ता ओला झालेला. मी ब्रेक दाबला, पण गाडी घसरतच गेली आणि रिक्षापासून हातभर अंतरावर थांबली. मुलांना काही कळलेही नाही. माझे हात मात्र बराच वेळ कापत होते.

त्याच दिवशी गल्लीतल्या पंक्चरवाल्याला चाके दाखवली. त्याने टायरच्या बाजूवरील चार अंक शोधले, त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाला, "साहब, टायर आठ साल पुराना है, पत्थर हो गया है।" टायरवरील या चार अंकांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. मुदत ठेवीच्या पावतीवरील तारीख दोनदा वाचणारा मी, हे चार अंक एकदाही वाचले नव्हते.

मोटारीचा रस्त्याशी संबंध प्रत्येक चाकाखालच्या जेमतेम तळहाताएवढ्या तुकड्यापुरताच असतो. म्हणून माझे मत असे की, लहान मोटारीच्या मालकाने शोभेआधी या चार तळहातांचा विचार करावा. खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, असा आपल्याकडे नियम आहे. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे उघडे पडले की ती मर्यादा संपली असे समजावे. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी तपासून घ्यावा. तापमान दहा अंशांनी उतरले की हवेचा दाब सुमारे दोन पौंडांनी घटतो; तेव्हा थंडीच्या प्रारंभी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा मोजावी.

चाके बदलायचीच असतील तर मापाचे गणित सांभाळावे. स्विफ्ट गाडीचेच उदाहरण घ्या. तिच्या साध्या प्रकाराला १६५/८० आर १४ आणि महागड्या प्रकाराला १८५/६५ आर १५ टायर येतात. रिम एक इंचाने मोठी, पण टायरची बाजू तितकीच बुटकी. त्यामुळे दोन्हींची एकूण उंची सुमारे ६२० मिलिमीटरच राहते. हे गणित चुकले तर वेगदर्शक काटा खोटे बोलतो आणि टायर आतून घासू शकतो. बुटक्या टायरच्या रिमेला खड्ड्याचा दणकाही अधिक बसतो.

वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. कर्ज काढून मोटार घेताना आपण हप्ता, विमा आणि पेट्रोल यांचा हिशेब करतो. टायरांच्या घसाऱ्याची तरतूद कोणी करीत नाही. समजा, चार टायरांना २०,००० रुपये लागले आणि ते ४०,००० किलोमीटर चालले, तर किलोमीटरमागे ५० पैसे पडले. महिन्याला ८०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीसाठी ४०० रुपयांची आवर्ती ठेव पुरेशी आहे. विम्यावर विसंबू नये. नेहमीच्या पॉलिसीत केवळ टायरचे नुकसान भरून मिळत नाही. गाडीचेही नुकसान झाले तरच मिळते, आणि तेही टायरच्या निम्म्या किमतीपर्यंतच.

अर्थात, उत्तम टायरला धुक्यातले दिसत नाही. यमुना द्रुतगती मार्गावर अलीकडच्या हिवाळ्यांत हलक्या वाहनांची वेगमर्यादा १०० वरून ७५ किलोमीटरवर आणली जाते, ती याच कारणाने. टायर चांगले असले तरी वेग आपल्यालाच आवरावा लागतो.

ती देखणी चाके आता माझ्या घराच्या माळ्यावर आहेत. गाडी पुन्हा काळ्या पोलादी चाकांवर, नव्या टायरांनिशी धावते. शेजारी विचारतात, "अलॉय काढलेत?" मी 'हो' म्हणतो. त्या रिक्षातील मुले अजूनही त्याच पुलावरून शाळेला जातात.