माळरान कोणाच्या संमतीने?

१९७९ साली सोलापूर-अहमदनगर परिसरातील ८,४९६ चौरस किलोमीटर प्रदेश माळढोक अभयारण्य ठरला. त्यात खासगी शेते व नांदती गावेही आली. पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले; माळढोक मात्र येथून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

वन्यजीव कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने अभयारण्याच्या सल्लागार समितीत पंचायतींच्या प्रतिनिधींना स्थान दिले. परंतु सल्ला म्हणजे अधिकार नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चारणाऱ्या धनगराचे गवताविषयीचे ज्ञान आराखड्यात उतरणार कसे? आराखड्याचा मसुदा मराठीत ग्रामसभेपुढे यावा आणि चराईचे क्षेत्र व काळ तिच्या संमतीने ठरावेत. ही मागणी कार्यकर्त्यांनी नान्नजपासून गावोगाव न्यावी.