होळीचा चंद्र, ईस्टरचा रविवार

धानोऱ्याच्या प्राथमिक वर्गात ईस्टर शिकवायचा असेल, तर गुरुजींनी रंगवलेल्या अंड्यांच्या नादी न लागता सरळ होळीपासून सुरुवात करावी. नंदुरबार जिल्ह्यातल्या पोरांना काठी गावची राजवाडी होळी कुणी समजावून सांगावी लागत नाही. ईस्टरही चंद्राच्याच तालावर चालतो: 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. (चर्च त्यासाठी आकाशाकडे नव्हे, ठरावीक कोष्टकाकडे बघतं, पण तिसरीच्या वर्गात ही फोड करायची घाई नको.) 2024 मध्ये होळी 24 मार्चला पेटली आणि ईस्टर आठवडाभरात, 31 मार्चला आला. 2025 मध्ये होळी 13 मार्चलाच झाली, मग ईस्टर चैत्र पौर्णिमेपलीकडे गेला: हनुमान जयंती 12 एप्रिलला, ईस्टर 20 एप्रिलला (चर्चच्या कोष्टकात ती पौर्णिमा दुसऱ्या दिवशी, रविवारीच येत होती, म्हणून ईस्टर पुढच्या रविवारी). दोन वर्षांची कॅलेंडरं भिंतीवर टांगली, की पोरं हे आपणच हुडकतील. येशूचं क्रुसावरचं मरण आणि तिसऱ्या दिवशी उठणं, ही ख्रिस्ती लोकांची श्रद्धा म्हणून त्यानंतर सांगावी. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्याला संविधानाच्या कलम 28 ची मनाई आहे. शेजाऱ्याच्या सणाची माहिती देण्याला नाही.