किंमत पाकिटावरच छापलेली

वॉशिंग्टनमधला ‘टीन आयडल्स’ हा शाळकरी पोरांचा पंक बँड १९८० मध्ये फुटला, तेव्हा गाठीला कार्यक्रमांतून साठवलेले सहाशेच्या आसपास डॉलर होते. ते वाटून न घेता पोरांनी आपल्या गाण्यांची रेकॉर्ड काढली. इयान मॅकाय, जेफ नेल्सन आणि नेथन स्ट्रेजेक यांची ‘डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स’ उभी राहिली ती अशी.

पाकिटासाठी त्यांनी एका ब्रिटिश रेकॉर्डचं पाकीट उकललं, त्याचा आकार आखून घेतला आणि तसं छापून आणलं. पहिल्या हजार प्रतींची पाकिटं घरीच कात्रीने कापली, दुमडली, चिकटवली. विकत घेणाऱ्यालाही दिसत होतं, की हे आपल्याच वयाच्या मुलांचं काम आहे.

पण नुसत्या कौतुकावर कंपनी चाळीस वर्षांहून जास्त टिकत नाही. डिस्कॉर्ड टिकली ती व्यवहारामुळे. पुढे अनेक रेकॉर्डच्या पाकिटांवर टपालखर्चासह किंमत छापलेली असे. दुकानदाराने जास्त मागितले, तर सरळ कंपनीकडून मागवा! बँड घ्यायचे ते वॉशिंग्टन परिसरातलेच. लेखी करार नाही. खर्च वजा जाता उरेल त्यात बँडचा वाटा. मॅकायच्या ‘फुगाझी’ या बँडने तर तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि कार्यक्रमाला वयाची अट नको असा आग्रह धरला. बड्या कंपन्यांनी विचारणा केली, तरी फुगाझी डिस्कॉर्ड सोडून गेला नाही.

या सचोटीचा फायदा फक्त गाजलेल्या बँडना झाला नाही, आणि मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. आपण इथे नाडले जाणार नाही, कलाकारही नाडला जाणार नाही, अशी खात्री पटली की श्रोता कधी न ऐकलेल्या नावालाही संधी देतो. छोट्या कंपनीकडे जाहिरातीला पैसे नसतात; तिला श्रोता मिळतो तो या खात्रीमुळे. २०११ पासून फुगाझीच्या शेकडो मैफलींची ध्वनिमुद्रणं उपलब्ध झाली, तेव्हाही सुचवलेली किंमत पाच डॉलरच होती.

आपल्याकडेही तरुण मंडळी स्वतःची लेबलं काढत आहेत. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी आपल्या गावातले चार चांगले कलाकार धरा, दर वाजवी ठेवा, त्यांचा हिशेब चोख द्या. श्रोते जमायला वेळ लागेल, पण जमलेले श्रोते तुमच्या पुढच्या, अनोळखी कलाकारालाही ऐकतील.